थ्री-फेज

दुकानाच्या शटरवर खडूनं लिहून निघालो:
मोटार रिवाइंडिंग बंद. सतरा तारखेला चालू.
कारण लिहिलं नाही.
संकेश्वरात कारणं विचारणारे आधीच पुष्कळ.

खानापूरला, मिशन बोर्डिंगच्या जुन्या हॉलात
दहा दिवसांत ईश्वरविज्ञान.
आम्ही चौदा जण. नंदगडची अंगणवाडीताई एस्तेर मधाळे,
रायबागचा कंडक्टर दानिएल दोडमनी,
रजा मेडिकलची, खोकला मात्र खरा.
सकाळी मंडळीचा इतिहास,
दोन हजार वर्षं, जेवणाच्या घंटेपर्यंत.
दुपारी ग्रीक अक्षरं, भात खाऊन जड झालेल्या डोळ्यांनी.
रात्री दानिएल कानडीत घोकायचा, मी मराठीत,
'कृपा'पाशी दोघे एकदमच पोचायचो.

चौथ्या दिवशी रणभिसे पाळकांनी
फळ्यावर त्रिकोण काढला. कोन तीन, देव एक.
मी हात वर केला.
म्हटलं, साहेब, हे माझ्या रोजच्या हातातलं.
लाल, पिवळी, निळी, तारा तीन,
वीज एकच.
एक फेज गेली की मोटार नुसती घुमते,
फिरत नाही, मग जळते.
वर्ग हसला.
साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, सुंदर आहे,
आणि पाखंड आहे.
असंच काहीसं बोलल्याबद्दल अठराशे वर्षांमागं
एकाला मंडळीबाहेर काढलं.
त्याच्याकडे वीज नव्हती, एवढाच फरक.

खरं सांगू, त्या रात्री मी खूश होतो.
आमच्या घराण्यात इतक्या जुन्या चुकीपर्यंत
कुणी पोचलं नव्हतं.

शेवटचा तास सांत्वनाचा.
शिकवणाऱ्या बाईंची बस हत्तरगीला बंद पडली,
तासाची चाळीस मिनिटं झाली.
वहीत दोनच ओळी आहेत.
आधी ऐका.
घड्याळ बघू नका.
पुढं नुसता आकडा, तीन.

सतराला शटर उघडलं तर गंगव्वाची मोटार दारात.
गेल्या वर्षी मीच भरलेली.
तिचा नवरा ह्याच मोटारीच्या स्टार्टरपाशी
रात्री दीडला पडलेला सापडला,
महिनासुद्धा झाला नव्हता.
वेटे मोजले. एकही कमी नव्हता.
पुन्हा मोजले.

मोटार बसवायला गेलो, परतायला अंधार.
तिनं चहा दिला. कपाळाला विभूती, आवाजात काही नाही.
"ओदि बंदीरंत?"
शिकून आलात म्हणे.
मी मान हलवली.
"मग सांगा. त्या वेळी ते एकटेच होते काय?"

वही पिशवीत होती, पक्कडीच्या खाली.
त्रिकोण होता, ग्रीक होतं,
लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र होतं, नावात एक काना जास्त.
मी काही बोललो नाही.
ती बोलत राहिली, अर्धं कानडी, अर्धं मराठी:
त्यांचं घोरणं, उसाचं थकलेलं बिल,
नवीन चप्पल, जी अजून खोक्यात आहे.
भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीशी होतं,
ते बरं झालं.

मग बल्ब फुगल्यासारखा पांढरा झाला.
थ्री-फेज आली.
ती उठली, पदर खोचला.
म्हटलं, अव्वा, बटण मी दाबतो.
"बेड," ती म्हणाली.
"तू बॅटरी तेवढी धर."

बांधावरनं ती पुढं, मी मागं,
उजेडाचा एक गोल
तिच्या टाचांच्या जरा पुढं ठेवत.