बिस्किटाच्या डब्यातला घसा

किट्वे, वुसाकिले वस्ती, चौऱ्याहत्तर साल.
बाप तांब्याच्या खाणीत वायरमन.
रात्री जेवणाच्या टेबलावर
मेलेल्या रेडिओंची पोटं उघडायचा,
मी टॉर्च धरायचे.
"उजेड नीट धर, लोम्बे.
डाग द्यायला अंधार चालत नाही."

कासुबा यायचा, गिटार पोत्यात गुंडाळून.
लाकूड त्याचं त्यानंच तासलेलं,
पिकअप बापानं गुंडाळून दिलेला,
आठ हजार वेढे, केसाएवढ्या तारेचे
(तार कुठून आली, ते आमच्या घरी कुणी विचारत नसे).
"आवाज फार धुतलेला येतो," कासुबा म्हणायचा,
"रविवारच्या शर्टासारखा.
मला सोमवारचा हवा."

आधी त्यांनी आमच्या रेडिओच्या स्पीकरला
दाढीचं पातं लावलं. तीन चिरा.
आवाज फाटला खरा,
पण सकाळी बातम्याही फाटक्याच आल्या.
तांब्याचा भाव सांगणारा माणूस
चिखल गिळत बोलत होता,
आणि भाव पडला की चढला ते कळेना.
आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग डबा. बिस्किटांचा, निळा, झाकणावर राजवाडा.
आत दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर
आणि इकडून तिकडून काढलेलं काय काय.
बाप टेबलावरच्या पिठात बोटानं टेकडी काढायचा:
"ही लाट. हिला वर जाऊच द्यायचं नाही.
छत खाली आणायचं. डोकं आपटतं,
टेकडीचं पठार होतं.
आपटल्याचा जो आवाज, तो आपला."
मग पीठ पुसत, जरा वेळानं,
"खाली बोगद्यात मी रोज तसाच चालतो."

पण जर्मेनियम लहरी.
दुपारी पत्रे तापले की डबा घोगरा, मग मुका.
मी त्याला ओलं फडकं गुंडाळायचे,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं.
रात्री गार वारं सुटलं की
त्याला कंठ फुटायचा.
सेलही नवे चालत नसत कासुबाला,
अर्धे मेलेले हवेत.
म्हणून नवे सेल टॉर्चला,
पिवळे पडले की डब्याला.
आमच्याकडे वाया काही जात नसे.

एकदा गावाहून आजोबा आले.
कासुबानं वाजवलं, भिंतीवरची परात थरथरली.
आता ओरडणार म्हणून आम्ही गप्प.
आजोबांनी झोळीतून आपलं कंकोबेले काढलं,
अंगठ्यानं पट्ट्या छेडल्या, झंझं झंझं.
भोकावर कोळ्याच्या जाळ्याचा पातळ पडदा होता,
तो नखानं सोलला, पुन्हा छेडलं.
स्वच्छ. गोड. अगदीच एकटं.
"हे अजून झोपेत आहे," ते म्हणाले.
मग डब्याकडे हनुवटी करून,
"तुमचा कोळी कुठे बसतो?"
बापानं झाकण उघडून ट्रान्झिस्टर दाखवला.
आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले.
"तीनच पाय," ते म्हणाले. "बिचारा."

कासुबा पुढे सीमेपलीकडे गेला, लुबुम्बाशीला,
कुणी म्हणे बेकरीत होता, कुणी म्हणे वाजवत होता.
डबा गेला, गिटार गेली.
बाप गेला तो छातीनं, खाणीतल्या बहुतेकांसारखाच.

एक टेप उरली आहे.
आमच्या टेबलापाशीच भरलेली, मधेच सुरू होते.
चार मिनिटं नुसता गुरगुराट, एक चुकलेला सूर,
कासुबाचं हसू.
शेवटी तारा थांबतात, पण डबा चालूच आहे.
त्या पिकअपला मेण पाजलेलं नव्हतं,
जवळ कुणी बोललं तरी ऐकायचा.
म्हणून बाप खोकतो ते त्याच वाटेनं येतं,
आठ हजार वेढ्यांतून, त्या बुटक्या छताखालून,
डोकं आपटत,
आणि खोकल्यामागून, खरखरीत, पठारासारखं सपाट,
"उजेड..."
इथे सेल संपतात.