हळदीचा खण

गाडी लिलावात मिळाली. आधी ती रक्तदानाची होती,
म्हणजे आत चौदा खण, आणि प्रत्येकावर रक्तगटाची चिठ्ठी,
खरवडली तरी न निघणारी.
राहू दे, रघुवीर म्हणाला.
तर आता एबी निगेटिव्हमध्ये मोहरी,
बी पॉझिटिव्हमध्ये त्याच्या शुगरच्या गोळ्या,
आणि ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं, म्हणून तिथे हळद.

आरटीओतल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला.
राहायला की फिरायला?
रघुवीरने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे.
रकान्यात एकच उत्तर मावत होतं.

कन्नमवार नगरात अठ्ठावीस वर्षं.
दोन खोल्या. त्यात सासूबाई, दोन दीर, नंतर दोन मुलं
आणि एक शिलाई मशीन, जिला घरात सर्वांत जास्त मान.
कमी जागेचं आम्हाला कुणी शिकवू नये.
पाट भिंतीला, गादी पाटामागे, भांडण गादीखाली.
फक्त दोघांनाच आतून लावून घेता येईल असं दार,
तेवढं आमच्याकडे कधी नव्हतं.
त्याने कारखान्यात आयुष्यभर लोकांची कपाटं केली.
हे दार दीड महिना घासलं.
कडी तीनदा बदलली, वाजायला नको म्हणाला.
कुणाला ऐकू जाणार आहे, मी विचारलं.
सवय, म्हणाला.

काल संध्याकाळी किल्ल्या भाडेकरूंना दिल्या
आणि रात्र खालीच काढली, बिल्डिंगच्या वळणावर,
पहाटे हायवे मोकळा मिळतो म्हणून.
साडेनऊला वर आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.
कुणीतरी नळ सोडला.
त्या नळाला अर्धा आटा जास्त द्यावा लागतो,
हे सांगायचं राहिलं.
रघुवीर उठून बसला. जाऊन सांगून येऊ?
मी त्याची बाही धरली.
गळेल, मग कळेल.
नंतर कितीतरी वेळ पडून राहिलो,
कुठली बाजू कुणाची ते ठरेना.
घरी मी भिंतीकडे झोपायचे.
इथे दोन्हीकडे भिंत.

पहाटे सेक्रेटरी गावकर टॉवेलवरच खाली उतरले,
नारळ त्यांनीच आणलेला.
सूचना सगळ्या रघुवीरला:
कसाऱ्याला दुसऱ्यावर ठेव, ट्रकच्या नादी लागू नकोस.
तो मान हलवत राहिला.
त्याचा डावा डोळा गेली चार वर्षं नुसता उजेड ओळखतो.
लायसन माझं आहे,
चौपन्नाव्या वर्षी काढलेलं, दुसऱ्या खेपेला.
मी स्टिअरिंगवर बसले तेव्हा गावकर दोन पावलं मागे सरकले
आणि नारळ जरा लांबूनच फोडला.

धाकटीचा फोन: परत कधी?
धुळ्यानंतरचं ठरलेलं नाही, म्हणाले.
ती गप्प. मग, बाबांच्या गोळ्या कुठेत?
बी पॉझिटिव्ह, मी म्हणाले.
तिला वाटलं उपदेश करतेय. फोन ठेवला.

भांडुप पंपिंगच्या पुढे एका खड्ड्याने
ओ निगेटिव्ह उघडला.
खिडक्या खाली, वारा आत, हळद हवेत.
त्याच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या मानेवर,
गादीवर, नकाशावर,
त्या घासून घासून गुळगुळीत केलेल्या दारावर.
तो शिंकला, हसला, पुन्हा शिंकला.
हळद लागल्यावर वेस ओलांडू नये,
सासूबाई असत्या तर त्यांनी गाडी वळवायला लावली असती.

मुलुंडचा नाका दिसायला लागला होता.
त्याने रुमाल काढला,
माझ्या समोरची काच तेवढी पुसून दिली.
मी गिअर बदलला.