गिळल्यावर बोलायचं

साडेनऊला मी शटर वर करते
तेव्हा इनेस वॉट बाहेर उभा असतोच,
खांदे कानांपर्यंत, हात बाह्यांत ओढलेले.
फ्रेझरबर्गचा वारा अंगावरचं सगळं चाचपून बघतो.

मी मापात ओतते साठ मिली मेथाडोन,
भांड्यांच्या साबणासारखं हिरवं.
तो एका घोटात पितो.
मग नियमाप्रमाणे मी म्हणते, "बोल काहीतरी."
काही जण गालात धरून बाहेर नेतात, विकतात.
बोलणाऱ्याच्या तोंडात औषध लपत नाही,
म्हणून गिळल्यावर बोलायचं असतं.

"वारा उत्तरेचा," तो म्हणतो.
किंवा, "हॅडक महागला."
अकरा वर्षं
मी त्याच्या तोंडून हवामान ऐकते आहे
आणि रजिस्टरात खूण करते आहे.

बोटीवर काही शब्द काढायचे नसतात,
हे इथल्या पोरांना पाय फुटण्याआधी कळतं.
डुक्कर म्हणायचं नाही. पाद्री म्हणायचं नाही.
सॅमनला म्हणायचं लाल मासा.
जीभ घसरलीच तर पटकन लोखंडाला हात लावायचा.
ब्याण्णवच्या फेब्रुवारीत
वॉटांच्या बोटीवर त्या यादीत
एका मुलाचं नाव वाढलं.

जाळं वर येत होतं.
विंचच्या दांड्यावर सोळा वर्षांचा इनेस.
मोठ्या भावाची बाही दोरात गेली.
दांडा मागे ओढायला किती वेळ लागतो?
मी कधी विंच चालवला नाही.
तो मात्र अजून ओढतोच आहे.

बाप घरी आला तो मूग गिळून बसला.
आईनं चार ताटल्या मांडल्या, एक परत उचलली,
आवंढा गिळला.
सोमवारी बोट पुन्हा निघाली
आणि दांड्यावर तोच. दुसरं होतं कोण?

धक्क्यावर पगार रोख मिळायचा.
कुणीतरी चंदेरी कागदावर
तपकिरी भुकटी गरम करून दाखवली.
त्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला,
दाढ ठणकत होती त्या दिवशी :
"लोकांना वाटतं, मजा. मजा कसली.
विंच थांबला, बस.
सहा वर्षांत पहिल्यांदा विंच थांबला."

आधी रात्रभर थांबायचा. मग तासभर. मग
पुढचं गावाला तोंडपाठ आहे :
आईची अंगठी, चर्चची दानपेटी, तुरुंग,
आणि पुन्हा तुरुंग.
चांगल्या घरातला पोरगा, वाया गेला, म्हणतात.
कधीपासून, ते कुणी विचारत नाही.

या मंगळवारी गारा पडत होत्या.
त्याच्यामागे डथीबाई खोकत होत्या,
खोकल्याच्या बाटलीची चिठ्ठी हातात.
मी पेला पुढे केला. तो प्यायला.
मी म्हणाले, "बोल काहीतरी."

तो म्हणाला, "कीथ."

शाळेत मी कीथच्या मागच्या बाकावर बसायचे.
त्याच्या मानेवर उजवीकडे तीळ होता.
इतक्या वर्षांत मीही ते नाव
ओठांपर्यंत येऊ दिलं नव्हतं,
आणि माझ्या हाती तर दांडाही नव्हता.

माझा हात आपोआप
काउंटरच्या लोखंडी कडेवर गेला.
त्यानं ते पाहिलं.
"बोटीवर नाही आहोत आपण," म्हणाला,
आणि बाहीनं तोंड पुसलं.

डथीबाईंनी विचारलं, अजून किती वेळ.
मी रजिस्टर उघडलं.
औषध घेतलं, त्याचा रकाना आहे.
काय बोलला, त्याचा नाही.
मी समासात लिहिलं, मग पानावर हात ठेवून
शाई वाळायची वाट बघत राहिले.

बुधवारी परत, "वारा उत्तरेचा."
उत्तरेचाच होता. साठ मिली.
फक्त तो लगेच वळला नाही,
रिकामा पेला बोटांत फिरवत उभा राहिला
आणि मी मागच्या माणसाला
जरा थांबा म्हटलं.