युअर्स फेथफुली

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला टेकवून माझं टेबल.
छत्री, लॅपटॉप, प्रिंटर,
प्रिंटरवर जुन्या परकराचं झाकण.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, इंग्रजी पत्र: पानाला चाळीस.

उकिडवे सरांनी टायपिंगच्या क्लासात
पट्टी आपटून शिकवलेलं:
वर ‘डिअर सर’ असेल, तर खाली ‘युअर्स फेथफुली’.
वर नाव असेल, तर ‘युअर्स सिन्सिअरली’.
वाय मोठा, एफ लहान,
आणि युअर्सच्या डोक्यावर स्वल्पविराम चढवायचा नाही,
तिथं काही गाळलेलं नाही.
अदलाबदल कराल तर
वरमाय भलत्याच मांडवात शिरेल, म्हणायचे.

खडकीचे गजरमल,
दारूगोळा कारखान्यातून रिटायर.
पेन्शनच्या कागदावर बायकोच्या नावातला
एक एच कुणीतरी खाल्ला.
शेवंताची सेवंता झाली.
“मी गेल्यावर
ह्या नावाची बाई कुठून आणायची तिनं?”

चार वर्षं. अकरा पत्रं.
डिअर सर, डिअर सर, डिअर सर.
उत्तर यायचं: प्रकरण विचाराधीन आहे.
खाली सही,
ओल्या फरशीवरून गांडूळ गेल्यासारखी.
आणि आम्ही पुन्हा फेथफुली.
मी तर शेवटची ओळ
न बघता टाइप करायला लागले होते.

परवा उत्तर आलं त्याला नाव होतं.
एम. जे. कुलासो, लेखा अधिकारी.
शिक्क्याखाली, स्वच्छ, वाचता येईल असं.
मी वर ‘डिअर मिस्टर कुलासो’ लिहिलं
आणि खाली आले, तर बोटं सवयीनं एफवर.
खोडलं.
“का खोडलं?” गजरमल चष्मा कपाळावर सरकवून.

सांगितलं सरांचं सगळं.
नाव ठाऊक नाही तोवर विश्वासू.
नाव कळलं, की मनापासून.

ते बराच वेळ गप्प.
मागे पीएमटीनं हॉर्न दिला, कुणाची तरी तारीख पुकारली,
चहावाल्यानं न मागता दोन कप ठेवले.
“उलटं पाहिजे की हो,” म्हणाले.
“ज्याचं नावच माहीत नाही
त्याच्याशी इमान कसलं राखायचं?”
मग स्वतःच,
“पण राखलं खरं. चार वर्षं.”

मला सरांचा नियम पाठ होता,
नियमाचं कारण कधी विचारलं नव्हतं.

पत्र घडी करून पाकिटात घातलं.
चाळीस रुपये, सुटे, मोजून.
उठले, दोन पावलं गेले, परत आले.
“बाई, तुमचं नाव हो?
इतक्या वर्षांत विचारलंच नाही.”
“कुंदा. कुंदा भोंडवे.”

खिशातून पेन काढलं,
पाकिटाच्या मागच्या बाजूला टेकवलं,
आणि माझ्याकडे बघत थांबले.
“इंग्रजीत कसं लिहिता?
नीट सांगा. एकेक अक्षर.”