आगटीपाशी कोणती

औशाच्या नाक्यावरची बियर शॉपी,
फ्रिजचे चार खण. तिनांत स्ट्राँग,
चौथ्यात दुकानदाराचा डबा, दह्याची पिशवी
आणि तिच्यामागं माइल्डच्या सहा बाटल्या,
परक्या लग्नात बसल्यासारख्या, अंग चोरून.

लिंबराज म्हणाला, स्ट्राँग घे की, थंडी बघ.
मुनीर म्हणाला, मला लिंबू सोडा, आन् खारे दाणे इसरू नका.
मी पैसे मोजत होतो.
अंगदनं एक बाटली उचलली, उलटी केली,
ट्यूबलाइटसमोर धरली
आणि तारीख वाचली, ओठ हलवत,
पत्रिकेतला मुहूर्त वाचावा तशी.

अकरा वर्षं वाळूजला होता अंगद,
बॉटलिंग लाइनवर, एका पांढऱ्या उजेडासमोर.
उजेडापुढनं बाटल्या जायच्या. त्यानं बघायचं.
काडी, केस, माशी, तडा.
दिसलं की डाव्या हातानं बाजूला.
रात्रपाळी करून झोपला तरी त्या जायच्या
पापण्यांच्या आतनं, एकीला एक खेटून.
लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा
त्यानं आधी बायकोच्या मागचा हॅलोजन पाहिला म्हणे.
मग कॅमेऱ्याचं मशीन आलं.
तो गावी आला.

"ही घ्या," म्हणाला. "महिन्याभरातली हाय.
स्ट्राँगचा शेवटचा घोट चिकट लागतो,
आगीपाशी तोंड आधीच सुकतंय.
हुरड्यासंगं कडू पायजे, पण लई नाही.
मेथी असती तेवढं."

"माइल्ड पिऊन काय देवदर्शनाला जायचंय?"
लिंबराज म्हणाला, पण पिशवी त्यानंच धरली.

शेतात आगटी. गोवऱ्या वरनं राख, आतनं लाल.
गूळभेंडीची कणसं खुपसलेली,
भावजयीनं कागदात बांधून दिलेली कारळाची चटणी.
बाटल्या पोत्यात गुंडाळून बोअरच्या पाइपाखाली ठेवल्या.
पाइप कोरडाच निघाला. थंडीनं भागवलं.
तोंडं भाजत होती, पाठी गारठत होत्या,
दर थोड्या वेळानं उलटून बसायचं,
तव्यावरच्या भाकरीसारखं.

पहिला घोट घेऊन लिंबराज पेल्यात बघत राहिला.
"पाण्यावानी लागायली."
"पाणीच हाय," अंगद म्हणाला. "नाथसागरचं.
नळाला आठ दिवसाला येतंय आपल्या.
ह्ये बघ, बूच लावून आलं, फेसासकट."
हसलो आम्ही. मग बराच वेळ
कोणी कोणाकडं न बघता गोवऱ्या सारख्या करत बसलो.

कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली,
कोंडा उडून आगीतच गेला.
हिरवे दाणे, चटका देणारे.
तोंडात टाकले, वर घोट घेतला.
आधी गोड, मग धूर,
आणि पार शेवटी, गिळून झाल्यावर, मेथीएवढं कडू.
लिंबराजनं पेला पुढं केला.
बोलला काही नाही.

"किती बघितल्या असशील रे अकरा वर्षात?"
मुनीरनं विचारलं, दाण्यांचं साल बोटानं काढत.
"चांगल्या गेल्या त्या कुठं ध्यानात राहतात," अंगद म्हणाला.
"काढलेल्या राहिल्यात. एकीत मुंगळा होता.
जित्ता. काठ हुडकत."

कुणाच्या तरी शेतात कुत्रं भुंकलं, थांबलं.

सहावी बाटली उरली होती.
अंगदनं ती आगीसमोर धरली, सवयीनं.
आत एक ठिणगी हलली,
खाली आली, परत वर गेली.
त्याचा डावा हात उठला,
काचेपाशी गेला
आणि तिथंच राहिला.

"काय बघुलालास?"
"काही नाही. ओपनर दे."

ओपनर मुनीरकडं होता.
न पिणाऱ्याकडंच असतो नेहमी.