दुरुस्ती

सर्वेक्षणाचं काम, रोजचे साडेचारशे.
पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म, दोऱ्यानं बांधलेलं पेन.
पलासिया ते तीन इमली, सकाळची दुसरी बस.
रकाने सोपे:
चढले, उतरले, बसलेले, उभे, रिकाम्या जागा.

पलासियाला ती चढली.
नारिंगी जाकीट, त्यावर रात्रपाळीची धूळ,
हातात जेवणाचा रिकामा डबा.
खिडकीशी बसली.
नाव, सुगनाबाई पथरोड, मला नंतर कळलं;
फॉर्मात नावाला रकाना नव्हता.

गीताभवनला बस भरली.
क्लासची मुलं, बँकेतला एक चष्मेवाला,
मांडीवर घेण्याजोगं मूल कडेवरच धरून एक बाई.
शेजारच्या जागेकडे बघायचे सगळे,
मग जाकिटाकडे, मग मोबाइलकडे.
कंडक्टर दर स्टॉपला ओरडत होता, आगे बढो भिया, आगे बढो,
आणि लोक पुढे सरकत होते,
त्या जागेला वळसा घालून,
रस्त्यात उकरलेला खड्डा चुकवावा तसे.

मीही उभाच होतो.
उभं राहिलं की मोजायला सोपं जातं, मी स्वतःला सांगितलं.
आमच्या घरी असलं काही मानत नाहीत.
आई तसं मोठ्यानं म्हणायची,
पाणी मात्र वरून ओतायची.

नवलख्याला मी वाकून विचारलं, कुठं राहता?
फॉर्मातलाच प्रश्न होता.
"बायपासच्या पलीकडे, मल्टीत.
तीन इमलीपासून पुढं पायी.
तिकडं बस नाही ना.
रिक्षावाला मल्टीचं नाव ऐकलं की म्हणतो, गॅस संपलाय."
मग खिडकीबाहेर बोट दाखवत, जवळजवळ हसत:
"पहिलं घर मागच्या स्टॉपवर होतं.
म्हणजे स्टॉपच्या जागी.
जिथं तिकिटाची खिडकी आहे ना, तिथं चूल."
मी लिहिलं: पायी, पन्नास मिनिटं.
चुलीचं कुठं लिहायचं ते कळेना.

तीन इमलीला ती उतरली. डबा वाजला.
जागा तशीच राहिली, उन्हात, रेक्झिनची,
शेवटच्या स्टॉपपर्यंत.

दुपारी ऑफिसात संगणकानं माझी ओळ लाल केली.
उभे: चौदा. रिकाम्या जागा: एक.
साहेब वैतागले नाहीत, समजुतीनं बोलले,
"अरे, चौदा माणसं उभी असताना जागा रिकामी कशी राहील?
नीट बघून दुरुस्त कर."

खरं तर पंधरा.
मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये, अशी सूचना होती.

मी दुरुस्त केलं.
रिकाम्या जागा: शून्य. बसलेले: एकानं जास्त.
ओळ हिरवी झाली.
कागदावर त्या दिवशी
सुगनाबाईंच्या शेजारी कुणीतरी बसलं.

शून्य मी छान गोल काढलं.
अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे,
लोकमान्यनगरात सगळे म्हणतात.