साखळी क्रमांक ६३/४००

खल्फानला फोन लावला. तिवीत त्याच्या दोन खोल्या आहेत,
खजुरीची बाग संपते तिथे.
गुरुवार, शुक्रवार, दोन रात्री. माणसं दोन.
"डोंगराकडची देऊ की समुद्राकडची?"
एवढा साधा प्रश्न,
आणि मला उत्तर सुचेना.
उद्या सांगतो म्हटलं.

त्या किनाऱ्यावर मी अडीच वर्षं काढलीत,
पाहुणा म्हणून तासभरही नाही.
पत्र्याच्या खोलीत सहा जण,
पहाटे चारला तिकाटणं खांद्यावर,
समुद्र सतत डाव्या हाताला.
आमच्या वहीत तो शून्य होता.
तिथून मोजायला लागायचं.
जे काही बांधायचं ते त्याच्या वर.

कुंदा तेव्हा फोनवर विचारायची,
कसा आहे हो समुद्र?
कार्डावर चाळीस सेकंद उरलेले.
मी म्हणायचो, सपाट.

एकतीस वर्षं तिनं म्हसवडच्या शाळेत
फळ्यावर अरबस्तान काढलं,
बुटासारखं, टाचेला थोडं झिजलेलं.
तीन बाजूंना पाणी, सांगा पाहू, काय म्हणायचं?
पोरं ओरडायची, द्वीपकल्प!
आणि बाई छडीनं मस्कत दाखवायच्या,
तिथे कोण असतं हे न सांगता.

फेब्रुवारीत ती निवृत्त झाली.
व्हिसा आला. तिकीट निघालं.
मी रूवीच्या खोलीत पलंगावर कागद पसरून बसलोय,
जसा कामाचा आराखडा करतात तसा.
शिबूची गाडी, पेट्रोल माझं.
घळीतलं चालणं – खोडलं. तिचे गुडघे.
बिम्माचा खड्डा – पायऱ्या किती ते विचारायचं.
फिन्सची पांढरी वाळू – संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.
जेवण: खल्फान म्हणतो, ताजी सुरमई.
तिच्यासाठी मासा म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट.
ती बाजरीचं पीठ आणणार आहे, पाच किलो,
दोन रात्रींसाठी.
मी काही बोललो नाही.

एक गोष्ट कागदावर लिहिलेली नाही.
साखळी क्रमांक ६३/४००, मोरीच्या अलीकडे,
एका खडकात मी पितळी खूण ठोकली होती.
उंची अकरा पूर्णांक दोन आठ सहा.
पुढच्या जूनमध्ये वादळ आलं, मोरी गेली,
दुसऱ्याच कंपनीनं नवी बांधली.
खूण आहे की नाही, ठाऊक नाही.
जुनी वही काढून तीनदा पाहिली.
असली तर तिला तिथे उभी करायची
आणि म्हणायचं, इथून समुद्र अकरा मीटर खाली.
मग काय? मग काही नाही.
ती म्हणेल, बरं.

रात्री तिला फोन केला. आता फोन फुकट असतो,
त्यामुळे काय बोलावं ते कळत नाही.
खोलीचं विचारलं.
"डोंगराकडची घ्या," ती म्हणाली.
"तुम्ही फोटो पाठवलात ना, ते डोंगर आपल्याकडच्यासारखेच,
उघडे. चार बाभळी काय त्या.
समुद्र दिवसा बघू की, तो कुठं जातोय?
नव्या जागी मला झोप लागत नाही,
निदान खिडकीत ओळखीचं असू दे."
मग म्हणाली, उशी घेऊन येऊ का?

सकाळी खल्फानला कळवलं.
तो थोडा ओशाळला.
त्या बाजूची खोली दोन रियालनी स्वस्त आहे, म्हणाला,
सगळे समुद्रच मागतात.
आधीच सांगतो, नंतर तक्रार नको,
तिथे समोर रस्ता येतो,
कुरियातहून सूरला जाणारा.
रात्रभर ट्रकचे दिवे भिंतीवरून फिरतात.
चालेल?

चालेल, म्हटलं.
आवाज थोडा बसला होता,
त्याला वाटलं लाइन खराब आहे.
त्यानं पुन्हा विचारलं.